दोषमुक्तीचे दुसरे वाचन

सुभानपुऱ्यातील आमच्या सोसायटीत एक बाई राहतात. दांडिया बाजारातील वाडा विकून पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांचे कुटुंब इकडे आले. गेल्या पावसाळ्यात त्या एक कात्रण घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या चुलत बहिणीची मुलगी महाराष्ट्रात दिली होती. ती सासरी मरण पावली, नवऱ्यावर खुनाचा खटला झाला आणि सहा वर्षांनी सत्र न्यायालयाचा निकाल लागला. कात्रणावर मथळा होता, 'पतीची निर्दोष मुक्तता'. बाईंनी एवढेच विचारले, "भाऊसाहेब, निर्दोष म्हणजे कोर्टाने त्याला चांगला ठरवला, असेच ना?"

आमची हयात राज्य सरकारच्या नोकरीत गेली. तीतील काही वर्षे अशी होती की दोषमुक्तीविरुद्ध अपील करावे की न करावे याचे प्रस्ताव आमच्या टेबलावरून जात. तरीही बाईंच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. ते उत्तर शोधण्याच्या खटपटीतून हा लेख झाला. वाङ्मयाला वाहिलेल्या या पत्रिकेत फौजदारी कायद्याचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. आमचे म्हणणे असे की निकालपत्र हेही गद्यच आहे. अपील म्हणजे त्याच कागदांचे दुसऱ्या वाचकाने केलेले वाचन. पहिल्या वाचकाला एक अर्थ लागला, दुसऱ्याला वेगळा लागतो. मग दुसऱ्याने पहिल्याला किती मान द्यावा, हा प्रश्न समीक्षकांच्या ओळखीचा असावयास हवा.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीत ज्याला 'अॅक्विटल' म्हणतात त्याच्या मुळाशी देणे फिटून मोकळे होण्याची कल्पना आहे. आपण मात्र 'निर्दोष' हे विशेषण जोडून टाकले. पुरावा खोटा ठरला, पुरावा अपुरा पडला, साक्षीदार फितूर झाले, पंचनामा नीट झाला नाही, या सर्व परिस्थितींत निकाल एकच आणि मथळाही एकच. ज्या बडोद्यात १९३१ साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरु'सारखा आठ भाषांतील राज्यकारभाराचा कोश सिद्ध झाला, त्या गावच्या मराठी माणसाने शब्दाची ही ढिलाई चालवून घेऊ नये. 'दोषमुक्त' हा शब्द आपल्याकडे आहे. तो निदान माणसाच्या चारित्र्याविषयी साक्ष देत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुटलेल्या माणसाकडे कायदा निरपराध म्हणूनच पाहतो, आणि खटल्याआधी होते त्याहून हे गृहीतक अधिक बळकट झालेले असते. तेव्हा बाईंना 'तो चांगला ठरला' असे सांगणे चूक होते आणि 'तो वाईटच, नुसता सुटला' असे सांगणेही चूक होते.

आपल्या साहित्याने या बाबतीत आपल्याला फारशी मदत केलेली नाही. मराठी रंगभूमीला कोर्ट फार प्रिय. तेंडुलकरांनी १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आणले. त्याआधी नानावटी खटल्यावरून मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' येऊन गेले होते. नाटकात निकाल हा शेवट असतो, पडदा तिथेच पडतो. प्रत्यक्षात नानावटी प्रकरणाचा खरा कायदेशीर भाग निकालानंतरचाच आहे. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने सोडले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ते रूढ अर्थाने सरकारचे अपील नव्हते, न्यायाधीशाने केलेला संदर्भ होता. पण नकलेचा अर्ज, मुदत, टिपणे, परवानगी या गोष्टींत नाटककाराला नाट्य दिसले नाही. ज्या घरची मुलगी गेलेली असते त्या घराचे सगळे नाट्य मात्र त्यातच असते.

सुटलेल्याविरुद्ध सरकारला अपील करता येणे हीच मुळी जगात सर्वत्र आढळणारी गोष्ट नाही. अमेरिकेत एकदा सुटलेल्या आरोपीस त्याच गुन्ह्यासाठी सरकार पुन्हा कोर्टात खेचू शकत नाही. आपल्याकडेही १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असे अपील नव्हते; ते १८७२ च्या संहितेने दिले. १९७३ च्या संहितेत ते कलम ३७८ मध्ये आले आणि त्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट जोडली गेली. मुदत नव्वद दिवसांची. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस तीतून वजा जातात, पण नकलेचा अर्ज केला असेल तरच.

या नव्वद दिवसांत काय होते ते आम्ही आतून पाहिले आहे. सरकारी वकिलाने मत द्यायचे, ते जिल्ह्यातून वर जायचे, कायद्याच्या जाणकारांनी तपासायचे, मग शासनाने आदेश काढायचा. प्रत्येक टेबलावर कागद चार-आठ दिवस विसावला तरी कोणाची चूक म्हणून काढता येत नाही. आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना एका विवाहितेच्या मृत्यूचा असा प्रस्ताव आमच्यापर्यंत आला तेव्हा एक्क्याऐंशी दिवस उलटले होते. मुलीचे वडील मराठी होते, गिरणीतून निवृत्त झालेले. ते व्हरांड्यातील बाकावर येऊन बसत आणि आम्ही बाहेर पडलो की उभे राहून विचारीत, "साहेब, कागद वर गेला का?" आम्ही गेला असे सांगत असू, आणि ते खरेही असे, कागद कुठल्या ना कुठल्या 'वर' जातच होता. अखेर 'अपिलास योग्य प्रकरण नाही' असा शेरा येऊन फाईल परतली. शेऱ्याला कारण जोडलेले नव्हते. निकालपत्र बहात्तर पानांचे होते, ते कोणी वाचले होते की नाही हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. आम्ही स्वतः ते वाचले होते काय? पहिली दहा आणि शेवटची चार पाने. हे येथे लिहून ठेवणे आम्हांस भाग आहे.

त्या काळी त्या गृहस्थांना स्वतः अपील करता येत नव्हते. फार तर पुनरीक्षणाचा अर्ज. आणि त्यात उच्च न्यायालयाला दोषमुक्तीचे रूपांतर शिक्षेत करण्याचा अधिकार नाही. म्हणजे मुलगी त्यांची, पण फिर्याद सरकारची आणि वाचकही सरकारने नेमलेला.

आता ज्या प्रकरणात हे दुसरे वाचन खरोखर झाले, त्याकडे वळतो. 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ते कायद्याच्या ग्रंथांत आहे. नांदेड जिल्ह्यातील किक्की या गावी नोव्हेंबर १९९६ मध्ये एक विवाहित स्त्री सासरी मरण पावली. साप चावला, असा निरोप माहेरी गेला. माहेरची माणसे आली तेव्हा त्यांना गळ्यावर खुणा दिसल्या. शवविच्छेदनात सर्पदंश आढळला नाही. गळा दाबल्याने श्वास कोंडून मृत्यू झाला असे निघाले. टेंपो घेण्यासाठी माहेरहून २५,००० रुपये आणावेत म्हणून तिचा छळ होत असे, अशी माहेरच्यांची साक्ष होती. तरीही सत्र न्यायालयाने नवऱ्यास खुनाच्या आरोपातून सोडले. राज्य सरकारने अपील केले, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती दोषमुक्ती रद्द करून जन्मठेप दिली आणि ११ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घटनेपासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षे.

न्या. माथूर यांनी लिहिलेले ते निकालपत्र भारतातील घरगुती खुनांच्या खटल्यांत आज वारंवार उद्धृत होते. त्याचे कारण त्यातील एक साधे निरीक्षण आहे. चार भिंतींच्या आत, रात्री, घरच्याच माणसांच्या समक्ष गुन्हा घडतो, तेव्हा बाहेरचा साक्षीदार कोठून आणावा? शेजारी बोलत नाहीत, कारण त्यांना तिथेच राहायचे असते. घरातले बोलत नाहीत, कारण ते घरातले असतात. अशा वेळी पुरावा कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे, जी गोष्ट ज्याला विशेषत्वाने ठाऊक आहे तिचा खुलासा त्याने करावयाचा असतो. गप्प बसून किंवा सापाची गोष्ट रचून त्याला मोकळे होता येत नाही. न्यायाधीश निरपराध्यास शिक्षा होऊ नये म्हणून बसतो तसाच अपराधी निसटू नये म्हणूनही बसतो, या जुन्या इंग्रजी निकालातील विचाराचाही तेथे आधार घेतला आहे.

वाचक म्हणून आम्हांस या निकालाचा मोठा गुण वाटतो तो हा की त्याने मौन वाचले. सत्र न्यायालयापुढेही तेच मौन होते, तोच वैद्यकीय अहवाल होता. पहिल्या वाचकाने काय सांगितले गेले ते मोजले. दुसऱ्याने काय सांगता आले असते आणि सांगितले गेले नाही, तेही विचारात घेतले. साप ही कथा मोडल्यावर तिच्या जागी दुसरी कथा आरोपीने दिलीच नाही, ही गोष्ट त्याने नजरेआड होऊ दिली नाही.

परंतु या निकालाचे जे पुढे झाले ते आम्हांस तितकेसे रुचत नाही. चांगल्या कवितेतील एखादी ओळ सुभाषितसंग्रहात गेली की मागचापुढचा संदर्भ हरवतो, तसे त्याचे झाले. 'घरात मेली, नवरा घरात होता, त्याने सांगितले पाहिजे', एवढेच उरले. किक्कीच्या प्रकरणात आधी गळा दाबल्याचा वैद्यकीय पुरावा होता, पैशासाठी छळाचा पुरावा होता, खोटी ठरलेली सर्पदंशाची हकिकत होती. त्या पायावर मौनाचे ओझे ठेवले होते. पाया नसताना नुसते ओझे ठेवणे वेगळे. नागपूरच्या न्यायपरंपरेतून वर गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९५६ सालीच शंभुनाथ मेहरा प्रकरणात याची जाणीव दिली होती. त्यांचा मुद्दा असा की, आपण खून केला की नाही हे आरोपीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तेव्हा हे कलम ताणले तर प्रत्येक खुनात आरोपीनेच निरपराधित्व सिद्ध करावयाचे, असे होईल. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील एका नवऱ्याची जन्मठेप रद्द करताना न्या. गवई यांनीही, अभियोग पक्षाने आपला भार उचलल्याखेरीज कलम १०६ पुढे येत नाही, हे पुन्हा सांगितले. त्या प्रकरणात पत्नीचा मृत्यू गळफासाने झालेला होता आणि ती आत्महत्या असण्याची शक्यता उरत होती.

मौनाऐवजी शब्द हाताशी असले तर वाचन सोपे होते, असेही नाही. पुण्याचा सारडा खटला आमच्या पिढीस चांगला आठवतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न, जूनमध्ये विषाने मृत्यू. मधल्या चार महिन्यांत त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे हा पुराव्याचा गाभा. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच पत्रांवरून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असे म्हणून आरोपीस सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे तेथे मांडली गेली, त्यांना न्यायालयाने 'पंचशील' म्हटले. ती आज प्रत्येक कोर्टात म्हटली जातात आणि ती योग्यच आहेत. पण निकालपत्रातील पत्रांचे विवेचन वाचताना आम्हांस नेहमी वाटते की येथे न्यायाधीशाने टीकाकाराची झूल पांघरली आहे. पत्रातील उदासी ही लेखिकेच्या स्वभावातील की तिच्या परिस्थितीतील, हा त्या विवेचनाचा प्रश्न. वाङ्मयात असा प्रश्न अनिर्णित राहिला तर बिघडत नाही. तेथे अनिर्णिताचा लाभ कायद्याने एकाच बाजूस द्यावयाचा असतो. आणि शेवटच्या न्यायालयाने सोडल्यावर पुढे अपील नव्हते.

मग दुसऱ्या वाचकाने पहिल्याचे केव्हा मानावे आणि केव्हा मानू नये? याचे जुने उत्तर १९३४ चे, प्रिव्ही कौन्सिलचे, शिवस्वरूप खटल्यातील. उच्च न्यायालयास सर्व पुरावा नव्याने तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र ज्या न्यायाधीशाने साक्षीदाराला समोर उभा पाहिला, त्याचा चाचरणारा स्वर ऐकला, त्याच्या मताला वजन द्यावे, आणि संशयाचा फायदा आरोपीचा आहे हे विसरू नये. किक्कीच्या निकालानंतर चारच महिन्यांनी, १५ फेब्रुवारी २००७ रोजी, आपल्या गुजरात उच्च न्यायालयातून वर गेलेले न्या. सी. के. ठक्कर यांनी चंद्रप्पा प्रकरणात हे सगळे सूत्ररूपाने बांधले. पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर दोषमुक्तीस हात लावू नये, हे त्यांतील अखेरचे सूत्र.

सूत्र निर्दोष आहे (हा शब्द येथे आम्ही जाणून वापरतो). अडचण 'वाजवी' या शब्दात आहे. किक्कीच्या सत्र न्यायाधीशांनाही आपला निष्कर्ष वाजवीच वाटला असणार. आमचे मत असे आहे की पहिल्या निकालाचा मान त्याच्या निष्कर्षाला नसून त्याच्या कारणांना असावा. साक्षीदार पाहून केलेले मूल्यमापन कारणांसह लिहिलेले असेल तर वरच्याने शंभर वेळा थांबावे. 'साक्ष विश्वसनीय वाटत नाही' एवढ्या एका ओळीवर माहेरच्या माणसांना 'हितसंबंधी' म्हणून बाजूस सारले असेल, तर तेथे मान देण्याजोगे काही लिहिलेलेच नाही. सासरी मेलेल्या मुलीविषयी माहेरच्यांखेरीज बोलायला कोण येणार? आणि वरच्या न्यायालयाने फिरवायचे ठरवले तर त्याने खालच्या प्रत्येक कारणाचे नाव घेऊन उत्तर द्यावे. नुसते आपले नवे वाचन मांडणे पुरेसे नाही. समीक्षेतही आम्ही एवढीच अपेक्षा करतो.

राज्याच्या वाचनाविषयी थोडे. बडोद्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. घरगुती प्रकरण नव्हे, पण दोषमुक्तीविरुद्ध अपील कसे नसावे याचे उदाहरण आपल्याच गावचे आहे. बेस्ट बेकरी खटल्यात २७ जून २००३ रोजी येथील न्यायालयाने एकवीस जणांना सोडले आणि उच्च न्यायालयाने ते मान्य केले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या अपिलावर आणि सरकारी वकिलाच्या वागणुकीवर कडक ताशेरे ओढून खटला पुन्हा, तोही महाराष्ट्रात, चालवण्याचा आदेश दिला. पुढे ७ जानेवारी २०१४ रोजी 'गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई' या अहमदाबादच्या प्रकरणात, राज्याचे अपील फेटाळतानाच, त्या न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की प्रत्येक दोषमुक्तीचा निकाल तपासावा, चूक कोठे झाली त्याची नोंद करावी आणि जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई करावी. आम्ही तोवर निवृत्त झालो होतो. 'योग्य प्रकरण नाही' हा तीन शब्दांचा शेरा त्या आदेशानंतर कसा लिहिला जात असेल, याचे आम्हांस कुतूहल आहे.

व्हरांड्यातील त्या गृहस्थांना जे मिळाले नाही ते ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात आले. कलम ३७२ ला जोडलेल्या परंतुकाने पीडितास स्वतः अपिलाचा हक्क दिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४१३ आहे, आणि पुरावा कायद्याचे जुने १०६ नव्या अधिनियमात १०९ झाले आहे.

पण या पीडिताच्या व्याख्येतही एक गोम आहे, आणि महसुलाच्या वारसनोंदी पाहिलेल्या आमच्यासारख्याला ती खटकल्याशिवाय राहत नाही. व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारस हे शब्द आहेत. विवाहित हिंदू स्त्रीचा वारस कोण? १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे प्रथम मुले आणि पती, त्यानंतर पतीचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे आईबाप. खुन्याला वारसा मिळत नाही हे खरे. पण ज्याच्या दोषमुक्तीविरुद्ध अपील करायचे, तो तूर्त खुनी ठरलेलाच नसतो. ज्या घरात ती मेली त्या घराचा क्रम तिच्या माहेरच्या आधी. न्यायालयांनी 'ज्याची हानी झाली ती व्यक्ती' हे व्याख्येतील आधीचे शब्द धरून मायबापांना दाराबाहेर ठेवलेले नाही, हे न्यायालयांचे सुवाचन. कायदा लिहिणाऱ्यांनी मात्र 'आईबाप' हे दोन साधे शब्द घातले असते तर वकिलाला तेवढे एक पान कमी लिहावे लागले असते.

आमच्या शेजारच्या बाईंना आम्ही हे सगळे सांगितले नाही. 'निर्दोष' या शब्दाविषयी मात्र वर लिहिले आहे तेवढे सांगितले. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे अजून कोणी तरी वाचू शकतं." आम्ही त्यांना निकालाची तारीख विचारली. सव्वीस दिवस झाले होते. मुलीच्या वडिलांनी नकलेचा अर्ज टाकला आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हते. आमच्याच फोनवरून त्यांनी बहिणीकडे विचारणा केली. अर्ज टाकलेला नव्हता. सरकार करणारच आहे असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुलीचा भाऊ कोर्टात गेला.